पोत्याआडचा डबा

आचलनं डब्याचं झाकण काढलं आणि तिचा चेहराच पडला. आत नवंकोरं तेल होतं.

"माय, हे काहून आणलं? मी जळकं मांगतलं होतं."

"तुह्या सरांपुढं जळकं तेल ठेवू का?" बेबीताई हळूच म्हणाल्या. "नाक हाय का नाही आपल्याले?"

परतवाड्याच्या कॉलेजात आचलचा प्रयोग पाहायला अमरावतीहून आलेले परीक्षक घड्याळ पाहत होते. आचलचं म्हणणं एवढंच होतं, की तळून तळून खराब झालेल्या तेलात डिझेल करायला नेहमीसारखा कॉस्टिक सोडा टाकला तर त्याचा साबण होतो. तिचं एन्झाइम टाकलं तर त्याच तेलाचं डिझेल होतं. चांगल्या तेलाचं डिझेल कोणीही करून दाखवेल. त्यात हिची हुशारी ती काय?

एन्झाइम म्हणजे एक प्रकारचं विरजण, एवढंच बेबीताईंना कळत होतं. पण पोरीचा चेहरा का पडला ते बरोबर कळलं. जळकं तेल दूर नव्हतं. कॉलेजच्या फाटकाशीच त्यांची भज्यांची गाडी होती आणि गाडीखाली, पोत्याआड, काळा डबा. रोज त्यातलंच कढईत जायचं, वरून थोडं नवं. सगळेच गाडीवाले तसं करत आणि सगळेच देवाशपथ नाही म्हणत. कोणी कोणाचं झाकण काढायचं नाही, हा धंद्याचा धर्म. दारात गर्दी करून उभी असलेली पोरं रोज तीच भजी खात होती.

"राहू दे माय," आचल म्हणाली. "मी सांगते सरांले, तेल नाही भेटलं."

बेबीताई उठून गेल्या. परत आल्या तेव्हा हातात काळा डबा होता. त्यावर त्यांनी पदरही टाकला नव्हता. पोरं बाजूला सरली. एकानं नाकाला रुमाल लावला.

"कुठलं तेल हे?" परीक्षकांनी विचारलं.

"माह्याच गाडीवरचं हाय." आवाज दारापर्यंत पोचला.

ते काळं तेल दोन बाटल्यांत भरलं होतं; दुसऱ्या दिवशी दुपारी सोडा टाकलेल्या बाटलीत साबणाचा गिचका झाला होता. आचलच्या एन्झाइमच्या बाटलीत पिवळं डिझेल वर आलं होतं. डिझेल महागल्यापासून कोपऱ्यात पडलेलं कॉलेजच्या विहिरीवरचं इंजिन पोरांनी बाहेर काढलं. आचलनं ते डिझेल त्यात ओतलं, हँडल मारलं. इंजिन धडधडलं आणि मैदानभर भज्यांचा वास सुटला. मुक्कामाला राहिलेले परीक्षक हसायला लागले. आता काही विचारायचं राहिलं नाही, म्हणाले.

बेबीताईंनी ती धडधड गाडीवरूनच ऐकली. कढईत नवं तेल तापलं होतं. काळा डबा पोत्याआडून निघून पुढं, मिरच्यांच्या परातीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा बसला होता. गिऱ्हाईक मात्र सकाळपासून नव्हतं.

शेवटी तो कालचा रुमालवाला आला. डब्याकडे पाहत घुटमळला.

"काकू, हे इथं काहून ठेवलं?"

"ते खायाचं नाही, बाबू." बेबीताईंनी पदरानं डबा पुसला. "ते माह्या पोरीचं हाय."