आजन्म हमी

डेल्बर्टने पिस्तूल काउंटरवर ठेवलं, मॅगझिन वेगळं ठेवलं आणि शेजारी एक काडतूस उभं केलं.

"वाजलं नाही," तो म्हणाला.

मिस ओपलने आधी पिस्तूल उघडलं, आत करंगळी घालून बघितली. रिकामं. एवढं झाल्याशिवाय तिच्या बंदुकांच्या दुकानात कुणाशी बोलणं सुरू होत नाही. मग तिने काडतूस उचलून त्याचं बूड उजेडाकडे धरलं. गोळीवर आदळणाऱ्या पिनेची खूण होती, पण उथळ. कणकेवर नख टेकावं तेवढी.

खिडकीपाशी हॉयट कॉफी घेऊन बसला होता. दर शनिवारी बसतो. विकत काही घेत नाही, मतं फुकट वाटतो.

"प्लास्टिक," तो म्हणाला. "पाणी उडवायचं खेळणं घेतलंस बाबा तू."

"चार वर्षं वापरतोय," डेल्बर्ट म्हणाला. "हजारभर गोळ्या गेल्या. चिखलात पडलं, ट्रकमध्ये गोठलं. स्वस्तातली स्वस्त गोळी घाल, पचवायचं. एकदाही अडकलं नाही." दुसऱ्याच कुणाचं प्रगतिपुस्तक वाचावं तसं त्याने हे सांगितलं.

मिस ओपलने खणातून फॉर्म काढला. या पिस्तुलाला कंपनीची आजन्म हमी आहे. पावती लागत नाही, पोस्टाचा खर्चही कंपनी सोसते. माणूस बिघडला तर केंटकीच्या या डोंगरातून सगळ्यांत जवळचा डॉक्टर नव्वद मैलांवर, आणि तोही नवे पेशंट घेत नाही.

"कधी झालं?"

"मंगळवारी."

"रेंजवर?"

"घरी. मागच्या शेडमध्ये."

"कितव्या गोळीला?"

"पहिल्याच."

"मॅगझिनमध्ये किती होत्या अजून?"

"एकच भरली होती."

मिस ओपलचं पेन थांबलं. कोल्ह्यामागे निघालेला माणूस एक गोळी भरत नाही. डब्यांवर नेम धरणाराही भरत नाही.

"नेम कशावर होता, डेल्बर्ट?"

तो कॉफीच्या यंत्राकडे बघत राहिला. खाणीतल्या कोळशाने निळे डाग पडलेले त्याचे हात काउंटरवर तसेच पडून होते.

"फॉर्मवर त्याला जागा आहे का?"

"नाही."

"मग राहू द्या."

"स्वस्तातलं घेतलं की हेच होतं," हॉयट खिडकीपाशी बसून म्हणाला. "चार डॉलर जास्त टाकून चांगलं घेतलं असतंस तर पहिल्या झटक्यात काम झालं असतं."

"हो," डेल्बर्ट म्हणाला.

"हॉयट, कॉफी संपली असेल तर घरी जा."

"अजून अर्धी आहे."

"संपली."

हॉयटने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि टोपी उचलून बाहेर पडला.

मिस ओपलने पिस्तुलाचा वरचा भाग काढला आणि पिनेच्या नळीत कापसाची काडी फिरवली. काडी लडबडून बाहेर आली. या नळीत तेलाचा थेंबही जाऊ द्यायचा नसतो. ती हे प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगते. नळी बुजली की पिन रुतते आणि ठोका दुबळा पडतो.

"साफ कोण करतं हे?"

"रूथी. ख्रिसमसपासून तीच करते. म्हणते, तुझे हात कापतात."

रूथीचा बाप तीस वर्षं याच काउंटरमागे बंदुका दुरुस्त करायचा. रूथी शाळेतून थेट इथे यायची, स्टुलावर बसून त्याला एकेक पिन हातात द्यायची. या नळीत काय घालायचं नाही, हे डेल्बर्टच्या बायकोला मिस ओपलच्या आधीपासून ठाऊक होतं.

मिस ओपलने काडी नाकापाशी नेली. बंदुकीचं तेल नव्हतं. बेकन तळून उरलेली डुकराची चरबी होती. इथे प्रत्येक शेगडीवर अशा चरबीचा एक डबा असतो.

तिने काडी कागदात गुंडाळून एप्रनच्या खिशात टाकली.

"काय झालंय?" डेल्बर्टने विचारलं.

"पिन झिजली. कंपनीकडे पाठवावं लागेल."

"किती दिवस?"

"सहा आठवडे. आठही लागतील."

"एका पिनेला?"

"स्वस्तातलं आहे ना. रांग मोठी असते. दर शनिवारी येऊन विचारायचं. फोनवर मी सांगत नाही, तू स्वतः यायचं."

"बरं."

"घरात आणखी काय आहे?"

"पप्पांची शॉटगन."

"तीही आण. तिलाही साफ करते."

"ती साफच आहे, मिस ओपल."

"आजच आण. तू येईपर्यंत मी दुकान बंद करत नाही."

मग त्याने मान हलवली. तिने फॉर्म पुढे सरकवला आणि त्याने 'मालक' लिहिलं होतं तिथे सही केली. काडतूस उचलायला हात नेला, तर ते काउंटरवर नव्हतं. त्याने हात मागे घेतला.

"रूथीला सांगू नका."

"मी काही सांगत नाही."

तो दारापर्यंत गेला.

"सकाळी खाऊन आलास का रे?"

"नाही. तिने अंडी आणि बेकन केलं होतं. मी तसाच निघालो."

"गार झालं असेल," मिस ओपल म्हणाली. "तरी खा."