तळ्यातला थेंब

“बाई, यात काहीच नाहीये!”

निवृत्त बाईंनी काचपट्टीवर आणखी एक थेंब सोडला. शाळेची मुलं आली, की विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागामागच्या तळ्याचं पाणी सूक्ष्मदर्शकातून त्याच दाखवायच्या. पूर्वी एकेका थेंबात जिवांची जत्रा असायची. मग वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला.

“हललं! काळं, लांबडं!” दोन वेण्यांची मुलगी ओरडली.

“ए सरक, मला बघू दे!”

बाईंचं काळीज सुपाएवढं झालं. काहीतरी तगलं होतं!

त्यांनी घाईनं डोळा लावला. थेंब निपचित होता. पापणी लवली, तशी काळी रेघ हलली. नव्या विद्यार्थ्यांची हीच चूक त्या हसत सुधारायच्या.

“आपल्याच पापण्या दिसतात गं त्या.”

“मग तळ्यात कुणीच राहत नाही?”

“राहायचे, बाळ. पुष्कळ राहायचे.”