प्रश्न विचारायचं बटण

मोठ्या माणसांना लिहाय-वाचायला शिकवणारं एक ॲप होतं. त्यात कोणत्या पडद्यानंतर कोणता पडदा यावा, हे संस्कृती पुंडलिकनगरातल्या आपल्या खोलीत बसून ठरवायची. शेंद्र्याहून मायचा फोन आला की तिचं एकच असायचं, "माय, कामात हाय. तुला ॲप टाकून दिलंय ना? लिहायला शीक, अन् काय विचारायचं ते त्यातच विचार."

"व्हय बाई," म्हणून माय फोन ठेवायची. हळूहळू फोन यायचे बंद झाले. संस्कृतीला बरं वाटलं, किंवा काहीच वाटलं नाही.

एक दिवस ॲपचं काम बघणाऱ्या अमेय सरांनी वापराचा अहवाल पाठवून फोन केला. "हे ‘प्रश्न विचारा’ बटण अख्ख्या महिन्यात एकाच बाईनं दाबलंय. रोज संध्याकाळी, एकदा. एकीसाठी कशाला ठेवायचं? काढून टाक."

तिनं काढलं. आता एका धड्यातून सरळ दुसऱ्या धड्यात, मधे कुठं थांबणं नाही. सर म्हणाले, "लई भारी."

जुने प्रश्न पुसण्याआधी एकदा उघडून बघायचा नियम होता, म्हणून तिनं उघडले. त्यांची उत्तरं कुणी द्यायची, हे ठरवायचं तिच्याकडूनच राहून गेलं होतं. तीसही दिवस प्रश्न एकच होता.



"बाई, आज येतीस का? तुझी भाकर टाकू का?"