उद्यापन

"एवढी एक सही करा, सिस्टर." क्षय विभागाच्या सुहास सरांनी वड्याच्या तेलाने माखलेल्या बोटांनी पेशंटचं कार्ड पुढे सरकवलं. 'बरी झाली' या रकान्यावर पिवळा डाग उमटला.

रेश्मा सिस्टरने कार्डाला हात लावला नाही. तिचा सोमवार होता, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"थुंकीचा रिपोर्ट आला नाही अजून, सर."

"येईल हो. सहा महिन्यांची गोळ्यांची रिकामी पाकिटं तुम्हीच मोजलीत ना? मग? राजश्रीच्या शोकसभेत तिची पेशंट बरी झाली हे सांगायचं नाही, तर काय सांगायचं? महाडहून व्हिडिओवाला बोलावलाय मी."

पोलादपूरच्या सभागृहात बॅनर लागला होता. त्यावर आरोग्यसेविका राजश्रीचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, सुहास सरांचा ताटाएवढा. पहिल्या रांगेत मोठ्या सिस्टर कोरडे डोळे पुसत होत्या. राजश्री हयात असताना त्या तिला 'नाटककंपनी' म्हणायच्या. "आली का नाटककंपनी? आज कोणता खेळ?" आता सगळ्यांना सांगत होत्या, "माझीच पोर ती. गोळीबरोबर गोष्ट सांगायची कल्पना आमची दोघींची."

रेश्माने तोंड फिरवलं.

कल्पना कुठून आली ते तिला ठाऊक होतं. रोज ड्युटीआधी ती खोलीच्या कोपऱ्यात बसून व्रताची कहाणी वाचायची. मुठीत तांदूळ घेऊन वाचायचं, वाचून झालं की मूठ देवापुढे सोडायची आणि हात जोडायचे. बावीस वर्षांत खंड नव्हता. राजश्रीच्या घरी असली व्रतं नव्हती, पण चहाचा कप घेऊन ती समोर बसायची, कहाणीपुरती.

एके दिवशी ती वैतागून आली. आंबेनळी घाटाच्या अंगाच्या एका वाडीतल्या बनुबाईला क्षयाची गोळी सोसत नव्हती. आठ दिवस उलट्या, लघवी लाल. "इख हाय ह्ये," म्हणून म्हातारीने पाकीट अंगणात भिरकावलं होतं.

राजश्रीने रेश्माच्या मुठीतल्या तांदळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ताई, तुम्ही उपाशीपोटी बावीस वर्षं चुकत नाही. गोळीचा असा वसा का नसावा?"

दुसऱ्याच दिवशी ती वाडीवर चढून गेली. बनुबाई एकटीच राहायची. लेक, सून कळंबोलीला. नात सेजल तिथेच जन्मली, पण आजीच्या खोकल्यामुळे तिला कधी आजीजवळ दिली नव्हती. राजश्रीने म्हातारीला वसा दिला. सकाळी आंघोळ करायची, गोळ्या मुठीत घ्यायच्या, फोनवर कहाणी ऐकायची. सहा महिने. उद्यापनाला नात मांडीवर.

रोज सातला राजश्रीचा फोन जायचा. कहाण्या तिच्या स्वतःच्या. सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर रुसलेल्या सुनेची, पाऊस विसरलेल्या बेडकाची. शेवटी विचारायची, "झालं का, आजी?" पलीकडून, "झालं गो बाय." पुढे आणखी अकरा पेशंटांना तिने हा वसा दिला. साहेब लोक बघायला येऊ लागले.

महिन्यापूर्वी घाटात तिची स्कूटी घसरली.

दुसऱ्या दिवशी सातला रेश्माने बनुबाईला फोन लावला. तिला कहाणी रचता येत नव्हती, तिने आपल्या व्रताचीच वाचली. संपल्यावर पलीकडे पितळ वाजल्यासारखा बारीक आवाज झाला. पाण्याचा पेला असावा. "झालं का, आजी?" "झालं गो बाय." खाली बसून ती रडली. मग महिनाभर रोज फोन केला.

आता तिने त्या तेलकट कार्डाकडे पाहिलं. या माणसांसाठी नाही, पण राजश्रीच्या नावावर एक तरी बरी झालेली बाई असावी, असं तिला वाटलं. तिने सही केली.

बनुबाई आली तेव्हा बांगड्या तिच्या कोपरापर्यंत सरकत होत्या. फडक्यात बांधलेला डबा छातीशी धरला होता. मागे सून, सुनेच्या कडेवर वर्षाची सेजल.

"आजी, डब्यात लाडू का?" सुहास सर हसले.

"उद्यापनाचं हाय," बनुबाई म्हणाली, आणि पदरात तोंड घालून खोकली.

"ठसका लागला. पाणी द्या रे!"

सून घुटमळली. "सिस्टर, देऊ ना पोरीला? नक्की बऱ्या झाल्या ना?"

"सिस्टरांनी सही केलीय," सुहास सर म्हणाले, आणि सेजलला उचलून त्यांनी स्वतःच बनुबाईच्या मांडीवर ठेवलं. कॅमेरा फिरला, टाळ्या झाल्या. मोठ्या सिस्टर आता खरंच रडल्या. म्हातारीने नातीचा गाल गालाला लावला आणि मुके घेतले, एकामागून एक, सहा महिन्यांचे.

रेश्मानेही पहिल्यांदाच टाळी वाजवली.

माईक पुढे आला. "बोला आजी. राजश्रीबाईंनी काय केलं तुमच्यासाठी?"

"गोळी माज्या पोटात ठरं नाय," बनुबाई म्हणाली. "तवा बाईनी ह्यो वसा दिला. म्हनली, आजी, आता उलटी नाय होयाची. खरंच नाय झाली. येक दीस चुकला नाय माजा." तिने डबा रेश्माकडे सरकवला. "झाकान काढ गो, बाय. बाईच्या फोटोपुढं ठेव."

रेश्माने फडकं सोडलं, झाकण काढलं. पितळेचा डबा काठोकाठ भरला होता. विटकरी रंगाच्या गोळ्या, त्यांवर वाळलेलं हळदकुंकू.

"बाई म्हनायची, रेश्मा सिस्टर करत्यात तसंच करायचं," नातीला कुरवाळत बनुबाई म्हणाली. "कहानी सरली का मूठ देवापुढं सोडायची."