दोन बोटं कमी

धाकटीची पहिली उडी दोन बोटं कमी पडली.

भिंतीवर लाल पट्टी होती आणि पट्टीच्या खाली तिच्या खडू लावलेल्या बोटांचे पांढरे ठसे. मोजणाऱ्या बाईंनी चष्मा वर करून ते पाहिले. "आणखी एक संधी. पंधरा मिनिटांनी. पट्टीला हात लागला तर संघात, नाही तर घरी. चला, पुढची!"

मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते बापही होते आणि कोचही, त्यामुळे राग आला की दुप्पट यायचा.

"ताण नीट दिला नाहीस. साठच्या जागी पन्नासच मोजलेस, मी बघत होतो. बस खाली. अंगठे धर."

धाकटी मुकाट्याने फरशीवर बसली. पाय लांब, अंगठे हातात, कपाळ गुडघ्याला. एक, दोन, तीन. मास्तरांचा नियमच होता तो. उडी मारायच्या आधी दोन्ही पायांना साठ आकडे ताण, तोही तीनदा. रबर जितकं ताणाल तितकं लांब उडतं, असं ते सांगत आणि ऐकणाऱ्याला ते पटतही असे. व्हॉलीबॉल शिकवण्यात त्यांची हयात गेली होती, कोण कशाला वाद घालेल! हॉलच्या दुसऱ्या टोकाला चेंडू थाडथाड आपटत होते. मास्तर चार पावलं जात, चार पावलं येत आणि दर खेपेला घड्याळ बघत. एका जागी पाय ठरत नव्हता.

थोरली बाकावर बसली होती. ती दवाखान्यात फिजिओ होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून कामाच्याच कपड्यांत आली होती. ती उठून आली आणि तिने धाकटीला हाताला धरून उभं केलं.

"बसू नकोस. पळ माझ्याबरोबर."

"हे काय नवीन?" मास्तर तडकले.

"बाबा, इतका वेळ ताण धरला की स्नायू सैल पडतो. लगेच उडी मारायला जावं तर त्यात जोर उरत नाही. ताण द्यायचा तो खेळून झाल्यावर. आत्ता अंग तापायला हवं."

"कालची पोरं मला शिकवणार! थंड अंगाने उडी मारून पाय मोडून घेतला म्हणजे?"

"थंड कशाला राहील? घाम फुटेपर्यंत पळवते की तिला."

धाकटीची पंचाईत झाली. इकडे आड, तिकडे विहीर. खेळाच्या ठिकाणी ती बापाला 'सर' म्हणायची आणि आजवर कधी उलटून बोलली नव्हती. तिने भिंतीकडे पाहिलं.

"सर, माझी एकच उडी राहिलीये," ती म्हणाली आणि ताईच्या मागे पळाली.

दोघी हॉलच्या कडेने धावल्या, आधी रमतगमत, मग जोरात. मग गुडघे छातीपर्यंत. मग लांब लांब ढांगा टाकत कंबर खाली. मग जागच्या जागी छोट्या उड्या आणि शेवटी मोठ्या. धाकटी करील ते सगळं थोरलीही करत होती, बाह्या वर सारून, केस विस्कटून. मागून मास्तर ओरडत होते. "अगं, हळू! घोटा सांभाळ! अगं, डावा पाय!" ऐकतंय कोण? दोघींचे चेहरे लालबुंद झाले आणि घाम मात्र मास्तरांच्या तळहातांना सुटला.

नंबर पुकारला गेला. धाकटीने बोटं खडूच्या पुडीत बुडवली, दोन पावलं मागे सरली आणि उडाली.

चारही बोटं पट्टीवर उमटली.

"शाब्बास माझ्या वाघिणी!" मास्तर असे ओरडले की मोजणाऱ्या बाईंनी दचकून वही खाली टाकली. धाकटी आपलं नाव लिहून द्यायला धावली. मास्तर हसत हसत थोरलीकडे वळले. ती धापा टाकत टाळ्या वाजवत होती. तिला तशी बघून त्यांचं हसू एकदम ओसरलं.

सात वर्षांपूर्वी याच भिंतीसमोर थोरलीची निवड चाचणी होती. दोन्ही उड्यांच्या आधी त्यांनी तिला खाली बसवलं होतं आणि एकही आकडा गळू नये म्हणून स्वतः मोठ्याने मोजलं होतं. तीही थोडक्यात राहिली होती. घरी जाताना ते म्हणाले होते, "तुझ्यात ती उडीच नाही. नाद सोड." तिने सोडला.

"तुला हे कळलं कधी?" त्यांनी विचारलं.

"कॉलेजात. दुसऱ्या वर्षी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय होणार होतं, बाबा? मी तोवर खेळ सोडला होता."

मोजणाऱ्या बाई पलीकडच्या टेबलाशी नावं लिहीत होत्या, भिंत मोकळी होती. मास्तरांनी खडूच्या पुडीची ताटली उचलली आणि थोरलीसमोर धरली. थोडी पूड त्यांच्या बुटांवर सांडली.

"तुझंही अंग तापलंय आत्ता. मार एकदा. मला बघू दे."

थोरलीने वर पट्टीकडे पाहिलं. तिच्या टाचा आपोआप जराशा उचलल्या गेल्या. मग तिने हलकेच ताटली बाजूला सारली.

"नको, बाबा. हात लागला तर मी काय करू?"