अख्खं सफरचंद

डॉक्टरांनी रोज फळ खायला सांगितल्यापासून सून सासऱ्यांना सफरचंद कापूनच द्यायची, त्याही मोजक्या फोडी. आज त्यांचं डोकं फिरलं. बशी घेऊन ते तरातरा स्वयंपाकघरात शिरले.

"मला काय दात नाहीत? अख्खं सफरचंद हातात द्यायला जीव जातो का गं तुझा?"

"घ्या की, बाबा!" तीही उसळली. "टोपली समोरच आहे. हवं ते उचला."

त्यांनी एक उचललं, दुसरं उचललं, मग टोपलीच उलटी केली. एकही फळ धड नव्हतं. प्रत्येकाची एक बाजू काळी पडलेली.

"बाजार उठताना स्वस्तात देतात. म्हणून तर रोज परवडतं."

सासरे ओट्यावरच्या काळ्या तुकड्यांकडे बघत राहिले. मग आणखीच भडकले.

"आणि डागाबरोबर एवढा चांगला भाग फेकतेस? आण ती सुरी इकडे!"