मुहूर्त

चंदीगडच्या वेशीवरील शिकारी पक्ष्यांच्या संवर्धन उद्यानात सात महिन्यांच्या उपचारांनी एक गिधाड पूर्ण बरे झाले आणि जानेवारीत त्याला मुक्त करायचे ठरले. पशुवैद्य डॉ. मंजुषा यांनी दुपारी बाराची वेळ सुचवली, कारण उन्हाने तापलेली हवा वर चढू लागेपर्यंत गिधाड सहसा झेप घेत नाही. संस्थेचे अध्यक्ष इंद्रजितजी यांनी मात्र ज्योतिषाकडून सकाळी सात चाळीसचा मुहूर्त आणला.

"मॅडमजी, ऊन तर रोजच पडतं. असा योग पुन्हा थेट मार्चमध्ये!"

"इंद्रजितजी, गिधाड पंचांग पाहून उडत नाही."

सात चाळीसला दाट धुक्यात मंत्र म्हटले गेले, पिंजऱ्याचे दार उघडले आणि पाहुण्यांनी मोबाइल उंचावले. गिधाड ओल्या गवतावर चार पावले चालले आणि मान आखडून बसले.

"दुपारपर्यंत त्याला इथेच बसू द्या," मंजुषा म्हणाल्या.

"पाहुणे थांबतील का दुपारपर्यंत? मान्य करा मॅडमजी, तुमचे उपचार कमी पडले."

पाहुणे नाश्त्याला वळले. गिधाडाला उचलून प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात ठेवले गेले आणि अध्यक्षांच्या आदेशाने दारावर पाटी लागली: 'कायमचे जायबंदी. उडण्यास असमर्थ.'



साडेबाराला अध्यक्षांचा दुसरा आदेश निघाला: 'सदर पिंजऱ्याच्या छताची जाळी आतून फाटली आहे. त्वरित दुहेरी बसवावी.'